पहिल्या दिवसाची स्लाइड

घरात मला डोळ्यासमोरची मिठाची बरणी सापडत नाही. नवरा म्हणतो, हिच्यासाठी मीठ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवत जा, मंग सापडंल. हे तो पाहुण्यांसमोरही म्हणतो. पाहुणे हसतात आणि मीही हसते, कारण त्या चिडवण्यात माझी थोडी तारीफ लपलेली आहे असं मला वाटतं. मी आदिलाबादच्या एका लहानशा डोळ्यांच्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. त्याआधी अकरा वर्षं सरकारी दवाखान्यात टीबीवाल्यांच्या थुंकीच्या स्लाइडी पाहिल्या. थुंकीवरून डोळ्यावर आली म्हणजे पोरगी वर चढली, असं माझ्या आईचं मत. तिची उभी हयात दुसऱ्यांच्या शेतात निंदण-खुरपण करण्यात गेली. ती गावात सांगते, पोरगी डोळ्याची डॉक्टरीण आहे. मी तिला कधी दुरुस्त केलं नाही. दोन-तीनदा तोंड उघडलं होतं, पण समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर जो आदर दिसला तो मला आवडला, मग मी तोंड मिटून घेतलं.

माझं काम सांगायला सोपं आहे. डोळ्याच्या आत जंतू शिरला की डॉक्टर बारीक सुईनं आतलं पाणी काढतात. पाणी म्हणजे किती, तर दोन थेंब. त्यातलं थोडं मी काचेच्या पट्टीवर पसरवते, रंग देते आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहते. उरलेलं जंतूंच्या खाण्यावर पसरवून उबेच्या कपाटात ठेवते. त्या खाण्याच्या बशीला आम्ही प्लेट म्हणतो. काय उगवतं ते पाहायचं, उगवलं की त्याचं नाव सांगायचं. नाव कळलं की औषध ठरतं. नाव कळेपर्यंत डॉक्टर अंदाजानं औषध देतात, आणि डोळा काही थांबत नाही. चार-आठ दिवसांत सगळा खेळ संपतो. म्हणजे दोन थेंब आणि मी, यांच्या मध्ये एका माणसाचं दिसणं अडकलेलं असतं. हे मी नव्या लोकांना फार ऐटीत सांगायची.

माझा स्वभाव तापट आहे असं लोक म्हणतात. मी म्हणायची, शिस्तीचा आहे. लॅबमध्ये चपला घालून यायचं नाही, दार उघडं टाकायचं नाही, खिडकीशी उभं राहायचं नाही, आणि रिपोर्ट झाला का हे दोनदा विचारायचं नाही. झाला की मी हाक मारते. हाक मारली नाही याचा अर्थ झाला नाही, एवढं समजायला काय मॅट्रिक पास व्हावं लागतं? दवाखान्यातल्या पोरींनी मला वगळून मोबाइलवर एक ग्रुप काढला होता, आणि मी गेटातून आत आले की त्या एकमेकींना लाल मिरचीचं चित्र पाठवायच्या. हे मला योगायोगानं कळलं. मी कोणाला काही बोलले नाही. फक्त पुढचा आठवडाभर आणखी कडक वागले.

आता कापसाचं सांगते. आमच्याकडे कापसाचे दिवस आले की सरकी काढण्याच्या गिरण्या सुरू होतात आणि हवेत रुई तरंगायला लागते. फणीत रुई, चहात रुई, वाळत घातलेल्या ओढणीवर रुई. आणि माझ्या स्लाइडींवर रुई. सूक्ष्मदर्शकाखाली कापसाचा धागा पहिल्यांदा दिसला तेव्हा मी दचकले होते, अळी आहे की काय वाटलं होतं. नंतर सवय झाली. दर मोसमात मी शेकडो धागे पाहत असेन आणि ओलांडून पुढे जात असेन. त्याचा परिणाम असा झाला की धाग्यासारखं काहीही दिसलं की डोळा स्वतःहून पुढे सरकायचा आणि तोंड स्वतःहून ओरडायचं, खिडकी कोणी उघडली? चूक कोणाची आहे हे मला स्लाइड पाहायच्या आधीच ठाऊक असायचं. ती माझी नसायची.

त्या वर्षी मोसम सरत आला होता. शेतातून पऱ्हाट्या उपटणं चालू होतं. कापूस वेचून झाल्यावर उरलेलं वाळकं झाड म्हणजे पऱ्हाटी. तामसीकडची एक मावशी सुनेचा हात धरून बसनं आली. पन्नाशी ओलांडलेली, वांगी-भेंडी लावणारी. तिचा डावा डोळा लहानपणीच गोवरात गेलेला होता. आयुष्याचं सगळं काम उजव्या डोळ्यानं केलेलं, आणि पऱ्हाटी उपटताना टोक लागलं ते त्याच डोळ्याला. गावात मेडिकलवरून थेंब आणून घातले, बरं वाटलं. दोन आठवड्यांनी डोळा पुन्हा लाल झाला, ठणकायला लागला. आमच्याकडे आली तेव्हा तिला सुनेचा चेहरा दिसत नव्हता. समोर काहीतरी काळं हालतं, एवढंच ती सांगत होती.

आमच्या डॉक्टरीणबाई करीमनगरच्या. वयानं माझ्यापेक्षा लहान, पण मला अम्मा म्हणतात, आणि माझ्याशी अर्धं हिंदी, अर्धं तेलुगू बोलतात. त्यांनी सुई घातली, दोन थेंब काढले आणि स्वतः माझ्या हातात आणून दिले. म्हणाल्या, "एक ही आँख है, अम्मा. जाग्रत्ता." म्हणजे सांभाळून.

मला त्याचा रागच आला. अकरा वर्षं अधिक पाच वर्षं काम करणाऱ्या बाईला सांभाळून म्हणायचं म्हणजे काय? रागातच स्लाइड केली, रंग दिला, तेलाचा थेंब टाकला आणि पाहायला बसले. पू होता, भरपूर होता. जंतू मात्र दिसेना. गोल दाणे नाहीत, काड्या नाहीत. पू-पेशींच्या मधून निळसर बारीक धागे गेले होते, काही ठिकाणी फाटे फुटलेले. मी मान वर केली. खिडकी उघडी होती. फरशी वाळावी म्हणून आयम्मानं उघडली होती.

मी जी सुरू झाले. आयम्मा म्हणजे आमच्या दवाखान्यात झाडलोट करणारी बाई, ती बिचारी पोछा हातात धरून उभी. मी म्हटलं, पेशंटच्या डोळ्यातले दोन थेंब आहेत, त्यात सगळा कापूस भरून ठेवला तुवा, आता मी जंतू शोधू का रुई पिंजू? खिडकीच्या पलीकडे पेशंटचा बाक आहे. माझा आवाज तिकडे जातो हे मला माहीत होतं. जावा, असंच वाटायचं.

थोड्या वेळानं दारात ती मावशी. सून औषध आणायला गेली असावी. एका हातानं चौकट धरलेली, डोळ्यावर पट्टी.

"बाई," ती म्हणाली, "कापूस म्हणून राह्यल्या ना तुमी. तो माह्या डोळ्यातलाच असंल. पऱ्हाटीच गेली होती आत."

मला हसू आलं. म्हटलं, "मावशी, कापूस बोंडात असते. काडीत नसते. एवढं तं तुमाले माह्यापेक्षा जास्त माहीत पाह्यजे."

"ते बी खरं हाये. पण काडीसंगं काही गेलं असंल तं?"

"चपला घालूनच आल्या तुमी आत? जा, बाहेर बसा. मले माह्यं काम करू द्या."

ती मागे वळली. उंबरठा कुठे आहे ते पायानं चाचपून पाहिलं, एकदा अडखळली, मग चौकट धरून बाहेर गेली. मी हे सगळं पाहत होते. उठून हात द्यावा असं मनात आलंही, पण हातात स्लाइड होती. म्हणजे ती ठेवता आली असती. मी रिपोर्ट लिहिला. पू-पेशी आहेत, जंतू दिसत नाहीत. खाली झोकात दस्तखत केली. उरलेलं पाणी प्लेटांवर पसरवलं आणि प्लेटा कपाटात ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरता भरता हा किस्सा मी नवऱ्याला रंगवून सांगितला. बाई म्हणते कसं, कापूस माह्या डोळ्यातलाच आहे म्हणते. नवरा गुडीहत्नूरला शाळेत मास्तर आहे, त्याला साडेआठची बस धरायची असते. तो पायात बूट घालत होता. म्हणाला, "हसण्यासारखं काय हाये त्याच्यात? पोरं बी कधी कधी उत्तर चुकवतात, पण प्रश्न त्याइले बरोबर समजलेला असते." मी म्हटलं, तुमी निघा, बस चुकंल. मास्तर लोकांना घरातही शिकवल्याशिवाय चैन पडत नाही, असं मी ठरवून टाकलं.

डॉक्टरीणबाईंनी माझ्या रिपोर्टावर विसंबून नेहमीची दोन औषधं डोळ्यात टोचली. ही दोन औषधं बहुतेक जंतूंना मारतात. ह्याला मारत नव्हती. दुसऱ्या दिवशी डोळा तसाच, तिसऱ्या दिवशी वाईट. डोळ्याच्या पुढच्या भागात खाली पुवाचा पांढरा थर साचतो, तो डॉक्टरीणबाई रोज मोजायच्या. तो वाढत होता. प्लेटा रोज सकाळी मी पाहायची. कोऱ्या. तिसऱ्या दिवशी व्हरांड्यात त्यांनी मला थांबवलं आणि विचारलं, अम्मा, काहीच नाही? मी म्हटलं, काहीच नाही. त्या म्हणाल्या, असंच वाढत राहिलं तर हैदराबादला पाठवावं लागेल, आणि तिथे डोळा ठेवतील की काढतील हे सांगता येत नाही. हे त्या हळू बोलल्या, कारण बाकावर ती बसलेली होती.

ती भरती होती, पण वॉर्डात पडून राहायची नाही. दिवसभर लॅबसमोरच्या बाकावर बसायची. मी जवळून गेले की माझ्या चपलांच्या आवाजावरून ओळखायची आणि दोन्ही पाय बाकाखाली ओढून घ्यायची. मला वाटायचं, किती वळणाची बाई आहे.

चौथ्या दिवशी सकाळी मी प्लेटा फेकायला काढल्या. खरं तर डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं, दहा दिवस ठेवा. पण माझं म्हणणं असं की टीबी सोडला तर एवढा उशीर करणारा जंतू मी पाहिलेला नाही, आणि मी पाहिलेला नाही म्हणजे तो नाही. कपाटात जागा हवी होती. पहिली प्लेट उघडली तर आत पांढरे ठिपके. खडूची भुकटी सांडावी तसे, बारीक आणि कोरडे. मी म्हटलं, घ्या, इथंही आली रुई. प्लेट डस्टबिनवर धरली.

धरली आणि थांबले. आता मला कोणी विचारलं की थांबलीस का, तर सांगायला मोठं काही नाही. पाणी पसरवताना मी प्लेटवर अर्ध्या चंद्रासारखी रेघ ओढते, ती माझी जुनी पद्धत. ठिपके त्या रेघेवर होते. सगळेच्या सगळे रेघेवर, बाहेर एकही नाही. हवेतून पडलेली रुई माझी रेघ पाहून पडत नाही. ती कुठेही पडते.

तारेच्या टोकानं एक ठिपका खरवडून पाहिला. रुई असती तर उचलली गेली असती. हा हलेना. खाण्यात मुळं धरल्यासारखा रुतून बसलेला. मग मी जे करू नये म्हणून सगळ्यांना दटावते ते केलं, झाकण किंचित उघडून वास घेतला. बटाट्याचं पोतं रिकामं केल्यावर तळाशी जी माती उरते, तिचा वास होता. मातीतला जंतू. काडीसंगं काही गेलं असंल तं, असं ती म्हणाली होती.

मी पहिल्या दिवसाची स्लाइड डब्यातून काढली. खिडकी बंद, दार बंद, आणि पुन्हा पाहायला बसले. ते धागे तिथेच होते. शेजारीच एक खरा कापसाचा धागाही सापडला, आणि काय सांगू, माझी मलाच लाज वाटली. कापसाचा धागा दोरखंडाएवढा दिसत होता, चपटा आणि पीळ पडलेला. आणि हे धागे त्याच्यापुढे कोळ्याच्या जाळ्याहून बारीक, मध्ये मध्ये तुटक, फाटे फुटलेले. दोन्हींत फरक काय हे आमच्या नववीतल्या पुतणीनंसुद्धा सांगितलं असतं. कापसाच्या गावात जन्म गेला, आजी-आई दोघींनी कापूस वेचला, आणि मला कापूस ओळखता येईना. अकरा अधिक पाच वर्षांची ऐट त्या एका काचेवर उताणी पडलेली होती.

पुस्तकात वाचलेलं थोडं आठवत होतं. असा फाटे फुटणारा एक मातीतला जंतू असतो, नोकार्डिया नावाचा. टीबीचा लांबचा नातेवाईक. त्याला टीबीसारखाच लाल रंग लागतो, मग स्लाइड ॲसिडनं धुवायची, बाकी सगळं धुऊन जातं आणि हा लालच राहतो. म्हटलं, हे तर आपलं माहेर. ठिपक्याची नवी स्लाइड केली, लाल रंग दिला, ॲसिड ओतलं आणि अकरा वर्षांच्या हातानं खरकटी भांडी धुवावीत तशी धुतली. पाहिलं तर काहीच लाल नाही. सगळं वाहून गेलं होतं.

तेव्हा मात्र मी उठून डॉक्टरीणबाईंकडे गेले. आधी जायला हवं होतं, पण पुरी खात्री करून रुबाबात जायचं होतं ना मला. त्यांनी प्लेट पाहिली, ठिपके पाहिले, आणि त्यांचा चेहराच बदलला. विचारलं, ॲसिड कोणतं वापरलं? मी सांगितलं, टीबीचंच. त्या म्हणाल्या, "अय्यो, अम्मा. ये टीबी जितना पक्का नहीं है. ॲसिड तक्कुवा." तक्कुवा म्हणजे कमी. टीबीचा जंतू कडक ॲसिड सोसतो, ह्याला अगदी पातळ लागतं. त्या स्वतः माझ्याबरोबर लॅबमध्ये आल्या. पातळ ॲसिड केलं, मी धुतलं, पण या खेपेला तान्ह्या लेकराला अंघोळ घालावी तशा हातानं. सूक्ष्मदर्शकाखाली लाल फांद्या पसरलेल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंनी एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. मग टेबलावर पडलेली ती जुनी स्लाइड उचलली आणि तीही लावली. स्लाइडच्या कडेला तारीख लिहायची पद्धत माझीच. माझ्याच सुवाच्य अक्षरात तारीख होती. त्यांनी ती वाचली.

"ये पहले दिन का है ना?"

मी मान हलवली. वाटलं, आता बोलतील. बोलायलाच हव्या होत्या. मी कोणाचं एवढं पकडलं असतं तर त्याला आठवडाभर सोडलं नसतं. त्या फक्त म्हणाल्या, "अगली बार कापूस दिखे ना अम्मा, तो भी मुझे बुलाना." आणि औषध बदलायला धावत गेल्या.

त्याच दुपारी दुसरं औषध डोळ्यात गेलं. दोन दिवसांनी तिला हैदराबादला नेलं, तिथे ऑपरेशन करून डोळ्याच्या आतला पुवानं भरलेला गर काढला, तेच औषध पुन्हा टोचलं. डोळा राहिला. काढावा लागला नाही. पण पडद्याला जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. चार दिवस आधी औषध मिळालं असतं तर किती वाचलं असतं, असं मी डॉक्टरीणबाईंना एकदाच विचारलं. त्या म्हणाल्या, कोई नहीं बोल सकता. मग म्हणाल्या, कुछ तो बचता.

आणि माझं काय झालं? माझं कौतुक झालं. एवढा दुर्मिळ जंतू आमच्या एका खोलीच्या लॅबमध्ये सापडला म्हणून दवाखान्याच्या ग्रुपवर माझा फोटो आला, हातात ती प्लेट धरलेली. लाल मिरच्या पाठवणाऱ्या पोरींनी टाळ्यांची चित्रं पाठवली. रजिस्टरमध्ये मी लिहिलं, 'पुन्हा तपासणी केली असता जंतू आढळले.' त्या 'केली असता'मध्ये चार दिवस कुठल्या कुठे बुडून गेले. पेढे वाटले गेले, मी दोन खाल्ले. आईला फोन करून सांगितलं, आणि आईनं गावात सांगितलं की पोरीनं एका बाईचा डोळा वाचवला. हेही मी दुरुस्त केलं नाही. पण त्या दिवसापासून झोप नीट येईना, आणि आयम्मावर ओरडायला तोंड उघडलं की आवाजच निघेना. तिला वाटलं माझी तब्येत बरी नाही. तिनं काढा करून आणला.

पोळा होऊन गेल्यावर ती मावशी तपासणीला आली. एकटी आली होती. कंडक्टरला विचारत विचारत. डॉक्टरीणबाईंनी तिला तक्त्यासमोर बसवलं, मी मुद्दाम तिथे रेंगाळले. वरचं सगळ्यात मोठं चिन्ह तिनं मान तिरकी करून ओळखलं, त्याच्या खालचं नाही. भेंडी आता हाताला लागेल तशी तोडते म्हणाली. वाफ्यात पाणी कुठवर आलं ते पाय ओला झाला की कळते. सून चांगली आहे, सोबतीला असते. नातू झाला, त्याला अगदी तोंडाजवळ धरलं तर नाक-डोळे दिसतात, म्हणाली.

मी तिला लॅबमध्ये बोलावलं. ती दाराबाहेर वाकली, चपला काढल्या आणि चाचपडत एकीशेजारी एक लावून ठेवल्या. मी स्टूल पुढे केलं. मी आठवडाभर घोकून ठेवलेलं होतं, पण ती समोर बसल्यावर ते सगळं विसरून भडाभडा बोलले.

"मावशी, तुमचा जंतू मले पह्यल्याच दिशी दिसला होता. मी त्याले कापूस म्हटलं. तुमी सांगाले आल्या तं मी तुमाले हाकललं. चार दिवस माह्यापायी गेले तुमचे. तुमाले जे कमी दिसून राह्यलं ना, ते माह्यापायी."

आणि मी वाट पाहत बसले. मला शिव्या हव्या होत्या. तिनं रडावं, माझ्या नावानं बोटं मोडावीत, बाहेर जाऊन सगळ्यांना सांगावं, असं मला मनापासून वाटत होतं. त्यानं मला मोकळं वाटलं असतं. अपराधाची कबुली देतानाही मी माझ्याच सोयीचं पाहत होते, हे आता लिहिताना कळतं.

ती घाबरली. स्टुलाची कड दोन्ही हातांनी धरली आणि घाईघाईनं म्हणाली, "नाही नाही बाई. तुमी काही नाही चुकल्या. माह्यं नशीबच तेवढं."

"नशीब नाही, मावशी. मी."

तिनं स्टुलाची कड सोडली. मग हळू म्हणाली, "मले समजलं होतं बाई, तवाच."

"काय समजलं होतं?"

"का तुमी जे पाह्यलं ते माह्या डोळ्यातलंच हाये म्हणून. बाकावर बसून चार दिवस मी तेच घोकत होती."

"मंग डॉक्टरीणबाईले काऊन नाही सांगतलं? त्या तं चांगल्या हायेत. रोज येत होत्या तुमच्यापाशी."

"सांगणार होती. दोनदा तोंडावर आलं. पण मंग तुमाले कळलं असतं ना, मी तुमच्यावर बोलली म्हणून." ती माझ्या आवाजाच्या दिशेनं पाहत होती. "माह्या डोळ्याचं पाणी तुमच्यापाशी होतं बाई. तुमाले राग आला असता, तं पुन्हा पाह्यलं असतं का तुमी?"

पाहिलं असतं, असं म्हणायला मी तोंड उघडलं. तो रेघेवरचा ठिपका, ती डस्टबिनवर धरलेली प्लेट आठवली. तिनं तक्रार केली असती आणि मी तणतणत त्या सकाळी लॅबमध्ये आले असते, तर थांबले असते का? मला माहीत नाही. अजूनही माहीत नाही. ज्या बाईनं एकुलता एक डोळा पणाला लावून चार दिवस तोंड बंद ठेवलं, तिला मी खोटं बोलू शकले नाही.

शेवटी म्हटलं, "आता तं रागवा, मावशी. आता सगळं होऊन गेलं."

तिनं मान तिरकी केली, माझा चेहरा कुठे आहे तो अंदाज घेतला. "कशी रागवू बाई? एवढाच उरला हाये. उद्या पुन्हा काही झालं तं तुमच्यापाशीच येणं हाये मले."

मग तिनं पदर सावरला, पिशवी मांडीवर घेतली आणि विचारलं, "जाऊ का बाई मी आता?" आणि मी जा म्हणेपर्यंत ती स्टुलावरून उठली नाही.